आमच्या टॉकीजातून गेलेला पिक्चर

टॉकीजच्या तिकीट-खिडकीत मी सोळा वर्षं बसले. मन्नाएखेळ्ळीहून सकाळची बस धरायची, तालुक्याला उतरायचं आणि साडेदहाला खिडकीची लोखंडी झडप वर करायची. आमच्या घरात शेतमजुरी सोडून नोकरी करणारी मी पहिलीच. वडिलांना वाटायचं, मुलगी एवढी शिकली तर तिनं शाळेत शिकवावं. टॉकीजात बसते हे पाहुण्यांना सांगताना ते जरा अडखळत. पाहुणे मात्र लगेच विचारायचे, "मग पिक्चर फुकटच बघत असशील की!"

फुकट बघायचेच मी, पण तुकड्या-तुकड्यानं. खिडकी बंद करून आत जाईपर्यंत पहिला अर्धा तास निघून गेलेला असायचा. कितीतरी पिक्चरांची सुरुवात मला आजही ठाऊक नाही.

एका आठवड्याला कन्नड पिक्चर, एकाला तेलुगू, सणासुदीला हिंदी, अधूनमधून मराठी. आमच्या सीमेवरच्या भागात सगळ्यांना सगळं कळतं. मोठा पिक्चर असला की खिडकीच्या त्या एवढ्याशा भोकातून एका वेळी तीन-चार हात आत यायचे. चेहरा दिसायचाच नाही. हातावरूनच मी माणसं ओळखायची. हळद लागलेला हात, ग्रीसचा हात, शेंगा भाजणाऱ्याचा काळा अंगठा.

वर केबिनमध्ये ऑपरेटर होते. मी त्यांना अण्णा म्हणायची. ते मला कन्नडमध्ये तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. कपाळाला विभूती, खिशात पानाची डबी, आणि स्वभाव असा की केबिनमधून खाली आले तरी बोलणं हळूच, जणू खेळ चालू आहे. रीळं होती तेव्हापासून ते तिथं होते. पुढं सगळं डिजिटल झालं. पिक्चर एका डब्यात यायचा, त्याची कुलपाची चावीसुद्धा इंटरनेटवरून यायची. अण्णांना एक बटण दाबण्यापुरतं काम उरलं. तरी ते पूर्ण खेळ केबिनमध्येच उभे असत. "मशिनीचा काय भरवसा," म्हणायचे.

त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायची. त्या मूळच्या निर्णा गावच्या. दर शुक्रवारी दुपारच्या खेळाला यायच्या. जागा ठरलेली, लेडीजची शेवटची रांग, बरोबर केबिनच्या खाली. तिकीट कधी चुकवलं नाही. मी म्हणायची, "अक्का, तुमाला कशाला तिकीट?" तर म्हणायच्या, "अगं, ह्यांचा पगार त्यातूनच निघतोय न्हवं?" खेळ संपला की पायऱ्यांपाशी थांबायच्या आणि दोघं मिळून घरी जायचे. त्यांना मूल एकच, मुलगी. ती पुण्याला.

मग एका सकाळी अक्का अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, पण पाय काही जमिनीला टेकेना. त्या खाटेवरच राहिल्या. शुक्रवारी लेडीजची ती शेवटची खुर्ची रिकामी दिसायची तेव्हा मला चुकल्यासारखं व्हायचं. एकदा मी अण्णांना विचारलं, "अक्काचं आता पिक्चरचं कसं?"

"हाय, व्यवस्था हाय," एवढंच म्हणाले आणि हसले. टीव्ही घेतला असेल, असं मला वाटलं.

त्याच वर्षी दिवाळीला एक मोठा हिंदी पिक्चर लागला. शुक्रवारी गर्दी चांगली झाली. कितीतरी महिन्यांनी 'हाऊसफुल्ल'ची पाटी कपाटातून काढून तिच्यावरची धूळ मी पदरानं पुसली. मालक इतके खूश झाले की सगळ्यांना जिलेबी वाटली. रविवारी माझ्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं, आळंद तालुक्यात मादन हिप्परग्याला. मी सुट्टी मागितली, तीही हसून मिळाली.

बारसं झालं, जेवणं झाली. दुपारी पुरुषमंडळी आणि पोरंसोरं बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसली होती. दाजींनी मोबाईल टीव्हीला जोडला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात गेले तर पडद्यावर तोच पिक्चर. शुक्रवारी लागलेला.

"दाजी, हे कुठनं आलं?"

"कुठनं म्हंजे? मोबाईलवर आलं. कालच आलंय. बस की, तुला तर रोजचंच हाय."

मी बसले नाही. हे काही पहिल्यांदा बघत नव्हते. फोनवर पिक्चर येतात, लोक बघतात, आपली गर्दी कमी होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. थोडी चिडचिड झाली आणि मी वळणार, एवढ्यात नजर चित्राच्या डाव्या कोपऱ्यात गेली. तिथं वीतभर शिवण दिसत होती. हिरो आकाशाखाली उभा होता आणि त्या आकाशाला टाके घातलेले होते.

ते टाके माझे होते. मागच्या पावसाळ्यात उंदरानं पडदा कुरतडला तेव्हा शिडीवर उभं राहून, पांढऱ्या दोऱ्यानं, मीच ते घातले होते.

तांब्या मी खाली ठेवला. मी भिंतीला टेकून बघत राहिले. समोर कुणाची डोकी दिसत नव्हती, कुणी मध्येच उठत नव्हतं. चित्र एकदम मधोमध आणि वरून घेतलेलं. बाल्कनीतून घेतलं असतं तर असं आलं नसतं. इंटरव्हल जवळ आला. हिरोइन दार उघडणार होती. तेवढ्यात त्या आवाजात एक दुसराच आवाज मिसळला. अगदी जवळून, हळू, कन्नडमध्ये. "ईग नोडु." म्हणजे, आता बघ.

खोलीत सगळे हसले. "कोन बोलायलाय गा हे मधीच?" दाजी म्हणाले. एका पोरानं ते मागं घेऊन पुन्हा लावलं. ईग नोडु. पुन्हा सगळे हसले.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. बहिणीनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, उन्हानं डोकं चढलंय.

सोमवारी मी लवकर टॉकीजला पोचले आणि थेट केबिनमध्ये गेले. अण्णा देवाच्या फोटोला उदबत्ती लावत होते. मी काहीच प्रस्तावना केली नाही. "अण्णा, दिवाळीचा पिक्चर तुमी फोनमध्ये काढलाव का?"

ते वळले. लपवावं असं त्यांच्या मनातच आलं नाही, हे मला तेव्हाही दिसलं. "व्हय. कामून?"

"कामून काढलाव?"

"तिच्यासाठी काढतो की. सगळेच काढतो. पोरीनं पाठविलेला फोन हाय न्हवं, तो हितं ठेवतो." त्यांनी प्रोजेक्टरच्या शेजारची बघायची छोटी खिडकी दाखवली. तिच्या कठड्यावर पुठ्ठा कापून फोन उभा करायची सोय केली होती. "जेवायला घरी जातो तवा तिच्या फोनात टाकून देतो. दुपारभर बघत पडती. दुसरं काय हाय तिला?"

मी त्यांना हिप्परग्याचं सांगितलं. शिवणीचं सांगितलं. त्यांच्या आवाजाचं सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले. उदबत्ती हातातच राहिली.

"माझा आवाज?"

"ईग नोडु, म्हनलाव तुमी."

"ते तिला म्हनलो गं. ती झोपती मधी मधी. चांगला सीन चुकू नये म्हणून." मग उदबत्ती फोटोपुढं खोचून त्यांनी विचारलं, "लई लोकानी बघितलं असंल का तंगी?"

पहिल्या खेळानंतर आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. अक्कांना काही कळू द्यायचं नाही, असं वाटेतच ठरलं. शेजारची सून रोज येऊन अक्कांना अंघोळ घालायची, वेणी घालायची. मी तिला परसात बोलावून विचारलं, तर ती लगेच म्हणाली, "मी घेतले की अक्काच्या फोनातनं. माज्या भावाला पाठविले. त्याला लई हौस हाय पिक्चरची." तिच्या बोलण्यात चोरी नव्हती. शेजारणीकडून लोणचं नेऊन भावाला दिलं, इतकंच तिच्या लेखी ते होतं.

आम्ही तिघं परसातल्या दगडावर बसलो. तिनं तिच्या फोनमधला पिक्चर पुसला. भावाला फोन लावला. तो म्हणाला, मी फक्त मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता, आता काढतो. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. त्यानं काढला, पण ग्रुपमधल्या कुणीतरी तो आणखी कुठं चढवला होता, आणि तिथं माणसं मोजण्यापलीकडची होती.

"मग मिटलं का आता?" अण्णांनी विचारलं.

"आपल्याकडचं मिटलं," ती म्हणाली.

अण्णा तिच्या हातातल्या फोनकडं बघत राहिले. कुठलं बटण दाबलं म्हणजे ते सगळं परत येईल, असं ते शोधत असावेत. आतून अक्कांची हाक आली, "कोन हाय गा परसात? च्या करा की."

चार दिवसांनी डिस्ट्रिब्युटरचा माणूस गाडी घेऊन आला. मालकांच्या ऑफिसात त्यानं लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांना बोलावलं. पिक्चरमध्ये डोळ्यांना न दिसणारी एक खूण असते, असं त्यानं सांगितलं. कुणी चोरून काढला तरी ती खूण त्या चोरीच्या पिक्चरमध्येही उतरते आणि तिच्यावरून टॉकीज, दिवस आणि खेळ, तिन्ही कळतात. "तुमारेच थेटर का है सेठ," तो म्हणाला. "शुक्रवार, दुपहर का खेल."

मालकांचा चेहरा उतरला. ते गेटवरच्या म्हाताऱ्याकडं वळले. "आत सोडताना बघायचं काम तुझं. फोन वर करून कोन बसलं होतं, तुला दिसलं न्हाई?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. "मालक, हाऊसफुल्ल होतं. बॅटरी घेऊन चार येळा फिरलो म्या. बसवान्नाची आण, कोनीच न्हवतं."

"मग पडद्यानं स्वतःच काढला का?"

मला सगळं ठाऊक होतं. दोन पावलं पुढं होऊन मी सांगू शकले असते. नाहीतर निदान म्हाताऱ्याची बाजू तरी घेऊ शकले असते. मी तिकिटांच्या पुस्तकावरचा रबर बोटाला गुंडाळत उभी राहिले. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. अण्णा खाली आले आणि दारातूनच म्हणाले, "त्याला बोलू नका मालक. मीच काढलो."

"तुमी?" मालक त्यांना कधी अरे-तुरे करत नसत. त्या दिवशीही केलं नाही. "तुमी कामून?"

"घरी दाखवायला."

डिस्ट्रिब्युटरचा माणूस हसला. "सब ऐसाइच बोलते," तो म्हणाला. मालकांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते अण्णांकडंच बघत होते. अण्णांच्या बायकोनं खाट धरलीय, हे मालकांनाही माहीत होतं. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांचीच गाडी गेली होती.

"मला सांगायचं होतं की एकदा," मालक शेवटी म्हणाले. "खुर्चीवर बसवून उचलून आणलो असतो आपण."

अण्णांनी कमरेची केबिनची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि ते गेले. पोलिसांत तक्रार नको म्हणून मालक त्या माणसाच्या अक्षरशः हातापाया पडले. तक्रार झाली नाही. पण नवीन पिक्चर पहिल्या आठवड्याला आम्हाला मिळणं बंद झालं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते सांगायला फारसं काही नाही, कारण खिडकीत फारसं काही घडतच नव्हतं. पिक्चर यायचा तो दोन-तीन आठवड्यांनी. तोवर सगळ्या गावानं फोनवर बघून टाकलेला. दुपारच्या खेळाला सहा-सात माणसं. त्यातली दोन पंख्याखाली झोपायला आलेली.

गाव म्हणत होतं, ऑपरेटरनं टॉकीज बुडवलं. चहाच्या गाड्यावर, बस स्टँडवर, सगळीकडं तेच. मीसुद्धा थोडे दिवस तसंच मानलं. कुणाला तरी दोष देता येतोय, याचंच बरं वाटत होतं.

मग मालकांनी डिस्ट्रिब्युटरकडं घातलेल्या खेपा कामाला आल्या आणि एक मोठा कन्नड पिक्चर आम्हाला पहिल्याच शुक्रवारी मिळाला. मालकांनी दर्शनी भिंतीला रंग दिला. केबिनमध्ये नवीन माणूस ठेवला, त्याचा फोन खेळ सुरू व्हायच्या आधी ते स्वतः काढून घेत. गेटवर प्रत्येकाला दोनदा बजावलं जात होतं. आमच्या टॉकीजातून मुंगीसुद्धा पिक्चर घेऊन बाहेर पडली नसती.

साडेदहाला मी झडप वर केली. समोर तीन-चार तरुण उभे होते, पण हात आत येईना. सगळ्यांच्या माना फोनमध्ये.

"काय रे, तिकीट घ्यायलाव न्हवं?"

"थांबा ताई जरा," त्यातला एक म्हणाला. "लिंक आली म्हणायलेत. न्हाई उघडली तर घेतो तिकीट."

माझ्या डोळ्यांदेखत ती उघडली. कुठल्या देशात की कुठल्या शहरात तो पिक्चर आधी फुटला होता, देव जाणे. स्वच्छ चित्र, स्वच्छ आवाज, कुणाचं खोकणंसुद्धा नाही. ती पोरं समोरच्या हॉटेलात चहा घेऊन बघत बसली. त्यातल्या एकानं जाताना मला हात केला. वाईट पोरं नव्हती ती. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून माझ्याच खिडकीशी येणारी.

थोड्या वेळानं एक बाई नवरा आणि तीन लेकरं घेऊन आली. पाटीवरचा दर वाचला. नवरा तिला म्हणाला, "घरी चल, भावजीच्या फोनात हाय." लेकरं पोस्टरपुढून हलेनात. त्यातली धाकटी पोरगी रडायला लागली. मी खिडकीतून बघत होते. काय म्हणणार होते मी? माझी सासू त्याच आठवड्यात माझ्याच नवऱ्याच्या फोनवर तेलुगू पिक्चर बघत होती आणि मी तिला जेवण वाढत होते.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मालक माझ्या खिडकीशी आले. बाहेरच्या बाजूनं, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं. रंगवलेल्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "अण्णांना उगी जाऊ दिलो का गं आपण?" मी दिवसाचा गल्ला मोजून त्यांच्यापुढं सरकवला.

पुढच्या उन्हाळ्यात टॉकीज बंद झालं. खुर्च्या उपटून नेल्या आणि आत सोयाबीनची पोती लागली. पडदा कुणी नेला, मला माहीत नाही. मालकांनी मला एका ओळखीच्या डॉक्टरांकडं चिकटवून दिलं. आता मी दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या देते. गेटवरचा म्हातारा मुलाकडं कलबुर्गीला गेला.

अण्णांकडं मी जायला कचरत होते. ते एका नातेवाइकाच्या खत-बियाण्यांच्या दुकानात सकाळचे बसतात, एवढं कानावर होतं. मागच्या महिन्यात दवाखान्याला सुट्टी होती, म्हणून गेले. अक्का खाटेवर, केस अगदी पांढरे. मुलीनं भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला होता. तो बंद होता.

"अक्का, टीव्ही छान हाय की. लावू का?"

"नको." त्यांनी मान भिंतीकडं केली.

अण्णांनी स्वयंपाकघरातून मला खूण केली. चहा ओतत हळूच म्हणाले, "कळलं तिला. त्या शेजारच्या सुनेनंच रडत रडत सांगितली. तवापासून कायच बघत न्हाई. पिक्चर न्हाई, बातम्या न्हाई. मी लावलो तर डोळे मिटती."

मी अक्कांच्या खाटेवर जाऊन बसले. त्यांचा हात धरला. "अक्का, ऐका माझं. मी खिडकीत होते, मला म्हायीत हाय. तुमच्या फोनामुळं टॉकीज बंद पडलं न्हाई. अण्णा गेल्यावर बी पिक्चर फुटायलेच होते. आमी कोनालाबी आत फोन वर करू दिलो न्हाई, तरी आले. लांबून आले."

त्यांनी सगळं ऐकलं. "मग कशानं पडलं गं?" त्यांनी विचारलं. "सांग की. कोनामुळं?"

मी सांगायला तोंड उघडलं. ती हॉटेलातली पोरं आठवली, पोस्टरपुढं रडणारी पोरगी आठवली, माझी सासू आठवली, हिप्परग्याच्या खोलीत हसणारे दाजी आठवले. यातल्या कुणाचं नाव घ्यायचं?

"बघ," अक्का म्हणाल्या. "तुला बी सांगायला येईना. म्हंजे माझ्यामुळंच."

"तुझ्यामुळं न्हाई," अण्णा दारातून म्हणाले. हे ते रोज म्हणत असावेत. शब्द झिजून गुळगुळीत झाले होते.

"कलबुर्गीला मॉलमधी नवीन थेटर हाय," मी म्हणाले. "चाकाच्या खुर्चीवर नेतेत आत. आपण जीप करून जाऊ. तिकीट काढून."

"न्हाई येत मी," त्या म्हणाल्या. मग माझं मन राखायला असेल, "पाय बरा झाल्यावर बघू." पाय बरा होणार नाही, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

चहा गार झाला तरी मी बसून राहिले. अक्कांना झोप लागली. अण्णा मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत टॉकीजचा रस्ता लागतो, तो टाळून त्यांनी मला मागच्या गल्लीतून नेलं. एका दुकानाच्या फळीवर बसलेल्या माणसानं आवाज दिला, "काय ऑपरेटर, नवीन काय काढलाव?" आणि शेजारचे हसले. अण्णांनी त्याला नमस्कार केला. राग नाही, काही नाही, नुसता हात जोडून नमस्कार. आणि चालत राहिले.

बस लागलेली होती. मी खिडकीजवळ बसले. ते खाली उभे राहून म्हणाले, "येत जा गं तंगी. तुझ्याशी बोलती ती. दुसऱ्या कोनाशी बोलत न्हाई."

मी येते म्हणाले. बस हलली. अजून गेलेले नाही. गेल्यावर अक्का पुन्हा 'कोनामुळं?' विचारतील, आणि सांगण्यासारखं माझ्याजवळ अजून काही नाही.